दोनच्या नावावर तीन

मंगळवारी सकाळी अकरा वाजता अंबरनाथमध्ये शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सुगम टंकलेखन केंद्राच्या दारावर निकाल चिकटवण्यात आला. सुनेत्रा भोईर नापास झाली होती. तिच्या नावापुढे चुकांच्या रकान्यात एकशे बारा लिहिले होते. चिंतामणी देसले पहिला आला होता. त्याच्या नावापुढे शून्य होते.

चाचणी शीतगृह मंडळाची होती. मंडळाच्या अंबरनाथ कार्यालयात सुनेत्राचा नवरा लिपिक होता. तो नोकरीत असतानाच वारला आणि अनुकंपा तत्त्वावर त्याची जागा तिला मिळाली. अट एकच होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टंकलेखनाची चाचणी उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी संपली. मुदत महिनाअखेरीस संपत होती आणि त्याआधी दुसरी चाचणी ठरलेली नव्हती.

चिंतामणी त्याच कार्यालयातला शिपाई. लिपिकाच्या बढतीसाठी साहेबांनी बस म्हटले म्हणून तो चाचणीला बसला होता. केंद्राच्या जिन्यात सुनेत्राने त्याला गाठले.

"चिंतामणीभाऊ, शून्य चुका?"

"बाय, मना नको इचारू. मी तं डोलं मिटून हाणत व्हतो. येक सबुद बरोबर लागला आसंल तं शंकराची किरपा."

"मागे जाऊन खोडलं नाहीत कुठे?"

"खोडाची कल कंची, त्ये कुनी सांगलाच नाय."

संध्याकाळपर्यंत चिंतामणीच्या अभिनंदनाचा फलक कार्यालयाच्या फाटकावर लागला. त्यावर त्याच्या फोटोपेक्षा केंद्राच्या संचालकांचा फोटो मोठा होता.

सुनेत्रा बदलापूरला कुळगावात राहते. तिच्या वरच्या मजल्यावर शलाका कर्णिक राहते. शलाका घरूनच एका कंपनीसाठी लिनक्सची पॅकेजे बांधते, म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान नीट एकत्र बांधून देते, जेणेकरून तो कुठल्याही यंत्रावर तक्रार न करता चालावा. या कामात ती चांगली आहे. इतर कोणी चांगले असेल यावर तिचा विश्वास नाही.

"किती वेळा मागे गेलीस तू?" तिने सुनेत्राला विचारले.

"चुकलं की जायचे. शंभरएक वेळा तरी असेल. क्लासात तेच शिकवलंय, चूक मागे ठेवायची नाही."

"आणि चुका दाखवल्या एकशे बारा."

"हो."

"आणि त्या देसल्यांना मागे जाताच येत नाही. त्यांना शून्य."

"हो. ते स्वतःच म्हणाले," सुनेत्रा म्हणाली.

"उद्या सुट्टी टाक," शलाका म्हणाली. "मला ते यंत्र बघू दे."

सुगम केंद्राचे संचालक श्रीपाद केळकर निवृत्त उपप्राचार्य आहेत. त्यांनी दोघींना बसवले, चहा मागवला आणि केंद्राची माहिती दिली. माहितीत तीन सत्कार होते आणि एका मंत्र्याशी झालेले हस्तांदोलन होते. यंत्रांविषयी एकच वाक्य होते: "आमच्याकडे सगळं लिनक्स आहे, त्यामुळे व्हायरसचा प्रश्नच नाही."

शलाका एका यंत्रासमोर बसली आणि तिने सरावाची चाचणी उघडली. दिलेल्या उताऱ्याकडे न बघता तिने वाटेल त्या कळा बडवल्या. पडद्यावर क ख ग घ यांचा चिखल झाला. वेळ संपला. निकाल आला: वेग उत्तम, चुका शून्य, उत्तीर्ण.

मग तिने तोच उतारा शब्द न शब्द बरोबर टाइप केला. मधूनमधून मुद्दाम एखादे अक्षर चुकवले आणि लगेच मागे जाऊन सुधारले. जितक्या वेळा ती मागे गेली तितक्याच चुका यंत्राने मोजल्या. निकाल: अनुत्तीर्ण.

"पाहिलंत सर?"

श्रीपाद केळकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग मागे जायचंच कशाला?" ते म्हणाले. "आमच्या वेळी टाइपरायटरवर कुठे मागे जाता यायचं? त्याने शिस्त लागते."

"सर, ते कखगघ पास झालं."

"वेग चांगला होता तुमचा."

शलाकाने यंत्राला थेट आज्ञा द्यायचा काळा पडदा उघडला. त्यासाठी पासवर्ड लागत होता. यंत्रे पुरवणारा जितेश उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये दुकानात होता. त्याने फोनवरून सगळ्यांना ऐकू जाईल असा तो सांगितला आणि वर म्हणाला, माझ्या सगळ्या कस्टमरना हाच आहे, लक्षात ठेवायला सोपा. मग तो स्कूटर काढून स्वतःही निघाला.

तो येईपर्यंत शलाकाला सापडायचे ते सापडले होते. तिने ते सुनेत्राला समजावले.

काही कामे बऱ्याच प्रोग्रॅमना सारखीच लागतात. ती प्रत्येकाने पुन्हा लिहू नयेत म्हणून एका वेगळ्या फायलीत ठेवतात आणि लागेल त्या प्रोग्रॅमने तिथून घ्यावीत, अशी सोय असते. अशा फायलीला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. तिच्या नावाच्या शेवटी आकडा असतो. आतली मांडणी बदलली की आकडा वाढवतात. वाढलेल्या आकड्याचा अर्थ एवढाच, की जुन्या प्रोग्रॅमने इथे हात घालू नये.

टंकलेखनाचा हा प्रोग्रॅम जुना होता आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. कळा आणि चुका मोजायला तो libmojani.so.2 या लायब्ररीवर अवलंबून होता. नव्या लिनक्समध्ये ती उरली नव्हती, त्यात libmojani.so.3 आली होती. जुनीत दोन रकाने होते: पहिला एकूण कळांचा, दुसरा चुकांचा. नवीत तीन झाले: पहिला कळांचा, दुसरा मागे जाऊन खोडल्याचा, तिसरा चुकांचा. प्रोग्रॅम आपल्या सवयीने दुसरा रकाना वाचत होता आणि त्याला चुका म्हणत होता.

"पण त्याला दोन नंबरचीच पाहिजे ना?" सुनेत्राने विचारले. "मग तीन नंबरची घेतली कशी त्याने?"

"त्याने नाही घेतली. दिली कोणीतरी. हे बघ."

पडद्यावर libmojani.so.2 हे नाव होते, त्यापुढे बाण होता आणि बाणाच्या टोकाला libmojani.so.3. दोनच्या नावाची नुसती पाटी होती; अशा पाटीला लिंक म्हणतात. शलाकाने यंत्राला विचारले, ही फाइल कुठल्या पॅकेजने आणली? यंत्राने उत्तर दिले, कुठल्याच नाही. म्हणजे ती हाताने टाकलेली होती.

तेवढ्यात जितेश आला.

"मॅडम, स्क्रीन ओपन होतेय ना? मग लोचा काय आहे?"

"ही लिंक तुम्ही टाकलीत?"

"हां, मीच. उद्घाटनाच्या दिवशी. पाहुण्यांची गाडी शिवमंदिरापर्यंत आली होती आणि प्रोग्रॅम बोलतो, दोन नंबर नाही मिळत. सर इकडे नारळ हातात घेऊन उभे. मी नेटवर बघितलं, एकाने लिहिलेलं, लिंक मारो, चलेगा. मारली. चललं. नारळ फुटला, फोटो झाले."

"आणि बाकीची यंत्रं?"

"तीच डिस्क कॉपी केली सगळीकडे. एक चालली तर सगळ्या चालणार."

"तुम्ही तीनला दोनची पाटी लावलीत, जितेशभाई."

"दोन मार्केटमध्ये मिळतच नव्हती. मी वरचं मॉडेल दिलं. त्याच्यात पण प्रॉब्लेम? नंबर वाढला म्हणजे चीज चांगलीच होते ना? फोनचं बघा."

"आतले रकाने बदललेत."

"आत कोण बघतंय मॅडम?"

जितेश हे निर्मळ मनाने म्हणाला. त्याच्या दुकानात जुन्या लॅपटॉपना नवीन स्टिकर लावून मिळते आणि ते घेणाऱ्यालाही माहीत असते. तिथे पाटी हा व्यवहाराचा भाग आहे, फसवणुकीचा नाही. अडचण एवढीच, की यंत्राला हा व्यवहार कोणी समजावला नव्हता.

या ठिकाणी प्रकरण मिटायला हरकत नव्हती. दोष सापडला होता, करणारा समोर उभा होता आणि कबूल करत होता. मंडळाच्या साहेबांना बोलावून दाखवायचे, चाचणी रद्द करून घ्यायची, फेरचाचणी मागायची. सुनेत्रा तेच म्हणाली.

"शलाका, हे असंच राहू दे. साहेबांना उद्या घेऊन येऊ. त्यांनी डोळ्याने बघू दे."

श्रीपाद केळकर मध्ये पडले.

"अहो, उद्या सकाळी दुसऱ्या संस्थेची बॅच आहे. त्या मुलांचं नुकसान करायचं का? मॅडम, तुमच्यासारखी जाणकार व्यक्ती समोर आहे, तुम्हीच नीट करून द्या. या जितेशला काय कळतंय!"

"सर, मी इथेच उभा आहे," जितेश म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय."

शलाकाला जितेशचे काम बघवत नव्हते हे खरे होते. जाणकार व्यक्ती हे शब्द तिला आवडले हेही खरे होते. तिने जुन्या लायब्ररीचा कोड शोधून काढला, नव्या लिनक्ससाठी तिचे वेगळे पॅकेज बांधले, दोन आणि तीन आपापल्या नावाने शेजारी शेजारी राहतील अशी व्यवस्था केली आणि जितेशची पाटी उडवली. एका आज्ञेने हे सगळ्या यंत्रांवर झाले. काम उत्तम होते. या धंद्यातल्या कोणीही त्याला नाव ठेवले नसते.

"हे बघा," ती जितेशला म्हणाली. "याला पॅकेजिंग म्हणतात."

"मस्त, मॅडम," जितेश म्हणाला. त्याला खरोखरच आवडले होते.

पाटी उडवण्याआधी पडद्याचा एखादा फोटो काढावा, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. खोलीत प्रत्येकाकडे फोन होता. श्रीपाद केळकरांनी त्यांच्या फोनवर एक फोटो काढला, पण तो शलाकाला पुष्पगुच्छ देतानाचा होता. गुच्छ आदल्या दिवशीच्या सत्कारातला होता.

सुनेत्राच्या अर्जावर मंडळाने समिती नेमली. समिती केंद्रात आली. अध्यक्ष मंडळाच्या आस्थापना विभागाचे प्रमुख होते. त्यांनी स्वतः यंत्रासमोर बसून चार ओळी टाइप केल्या, त्यांत पाच चुका ठेवल्या आणि सात वेळा मागे गेले. यंत्राने पाच चुका दाखवल्या.

"बरोबर आहे की," अध्यक्ष म्हणाले.

"आता बरोबर आहे," शलाका म्हणाली. "मी दुरुस्त केलं म्हणून."

"केव्हा?"

"बुधवारी."

"कोणाच्या लेखी परवानगीने?"

शलाकाने श्रीपाद केळकरांकडे पाहिले. श्रीपाद केळकर खिडकीबाहेर पाहत होते.

"सरांनी सांगितलं म्हणून."

"मी म्हटलं, बघून घ्या," केळकर म्हणाले. "शैक्षणिक कुतूहल म्हणून. यंत्रणा पहिल्यापासून पूर्णतः सुस्थितीत आहे, तसं निवेदन मी दिलेलं आहे."

अध्यक्षांनी लिहून घेतले. मग विचारले, "आपण अर्जदाराच्या कोण?"

"शेजारीण."

तेही लिहून घेतले.

"उमेदवारांनी टाइप केलेला मजकूर तरी असेल," समितीतले एक सदस्य म्हणाले. "तो तपासू."

तो नव्हता. मजकूर साठवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये होती, पण जितेशने डिस्क लहान घातल्या होत्या आणि त्या भरू नयेत म्हणून ती सोय बंद ठेवली होती. साठत होते ते फक्त अंतिम आकडे. म्हणजे सुनेत्राने काय टाइप केले आणि चिंतामणीने काय बडवले, हे जगात कुठेही उरले नव्हते. उरले होते एकशे बारा आणि शून्य.

शलाका उठली. "सर, मला दोन मिनिटं द्या. मी ती लिंक होती तशी परत टाकते. तुम्ही परत टाइप करा, तुम्हाला पाचाच्या जागी सात दिसतील. मी समोर करून दाखवते."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले.

"म्हणजे हा दोष तुम्ही स्वतः निर्माण करू शकता."

"कोणीही करू शकतं. एका ओळीचं काम आहे."

"तुम्ही करू शकता, असं तुमचं म्हणणं आहे."

"दोष कसा होता ते दाखवायला!"

"मॅडम, मी फक्त नोंद घेतोय. यंत्रात आज दोष नाही. अर्जदाराच्या शेजारणीने यंत्रात बदल केला आहे. त्या दोष निर्माण करू शकतात. यावरून समितीने काय समजावं ते सांगा."

सुनेत्रा म्हणाली, "साहेब, मी मागे जाऊन चुका सुधारल्या, म्हणून मला नापास केलंय. एवढंच समजा."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. कागदावर नसलेल्या गोष्टी त्यांना दिसत नसत, इतकेच. त्यांनी एक वाट ठेवली. ज्याने यंत्रे बसवली त्याने लेखी दिले, की चाचणीच्या दिवशी अशी लिंक यंत्रात होती आणि ती त्याने टाकली होती, तर फेरचाचणीची शिफारस करता येईल. हे मुदतीच्या आत यायला हवे होते.

जितेश समितीसमोर आला नव्हता. त्याला बोलावलेच नव्हते.

सुनेत्रा आणि शलाका कॅम्प पाचमध्ये त्याच्या दुकानात गेल्या. एका लॅपटॉपच्या झाकणावरून जुने स्टिकर तो हेअर ड्रायरने सोडवत होता. त्याने दोघींना स्टुले दिली.

"ताई, मी खोटं नाही बोलणार. लिंक मी टाकली. झुलेलालची कसम, कोणाचं वाईट करायचं नव्हतं."

"मग तेवढंच लिहून द्या," सुनेत्रा म्हणाली.

"लिहून दिलं तर काय होणार, सांगू? तीच डिस्क मी बाकी सेंटरना पण दिलीय."

शलाका स्टुलावरून उठली. "किती सेंटरना?"

"आहेत."

"कुठे?"

"इकडेतिकडे. मॅडम, तुम्ही वरचा आवाज नका लावू, शेजारी कस्टमर आहे."

"तिथे अजून तीच पाटी आहे? लोक तिथे परीक्षा देतायत?"

"देतायत. पास पण होतायत. कोणाची कंप्लेंट नाही. फेल होतो त्याला वाटतं आपलीच चूक."

शलाकाला उशिराने का होईना, उजेड पडला. त्या केंद्रांपैकी एकाचा पत्ता मिळाला आणि समितीला तिथे नेले, तर पुरावा जागच्या जागी उभा होता. तिने पत्ता मागितला. जितेश हसला.

"म्हणजे मीच माझ्या कस्टमरला साहेब लोक घेऊन जाऊ? मॅडम, धंदा आहे. असं करा. तुम्ही ते जे बनवलं ना, दोन नंबरचं पॅकेज, ते मला द्या. मी सगळीकडे टाकतो. सगळं साफ झालं, कोणाला त्रास नाही, मग मी ताईंना लिहून देतो. मग मला भीती कसली?"

"आधी लिहून द्या," शलाका म्हणाली.

"आधी फाइल."

"तुम्ही सगळीकडे टाकलंत की काहीच उरत नाही. मग तुम्ही लिहून दिलं नाहीत तर आम्ही काय करायचं?"

"विश्वास ठेवायचा. मी समोरासमोर कबूल केलं की नाही? केळकर सरांनी केलं? तुमच्या त्या साहेबांनी काही केलं?"

शलाकाने पिशवी खांद्याला लावली. "ताई, चल. हा माणूस लायकीचा नाही."

सुनेत्रा उठली नाही.

"तुझ्याकडे आहे का ती फाइल?" तिने शलाकाला विचारले.

"आहे. पण द्यायची नाही."

"का?"

"आपल्या हातात तेवढंच आहे."

"त्या दिवशी केंद्रात होतं ते पण आपल्या हातात होतं," सुनेत्रा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तिकडे माझ्यासारख्या किती बाया बसल्या असतील. मागे जाऊन जाऊन सुधारत. दे ती त्याला."

"ताई, तो फसवेल."

"फसवेल. पण लिहून देईल तर हाच देईल. दुसरा कोण आहे?"

शलाकाने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला आणि जितेशच्या हातात न देता काउंटरवर ठेवला. त्यातले पॅकेज यंत्रावर कसे चढवायचे हे तिने सांगितले. जितेशने लक्ष देऊन ऐकले, दोन शंका विचारल्या आणि दोन्ही बरोबर होत्या. पत्रात काय लिहायचे तेही सुनेत्राने त्याला सांगितले. तो म्हणाला, मराठी माझं कच्चं आहे, तुम्हीच टाइप करून आणा, मी सही करतो. तिने दुसऱ्या दिवशी टाइप करून आणले. एकही चूक नव्हती. त्याने वाचले, ड्रॉवरमध्ये ठेवले आणि म्हणाला, काम संपलं की सही, दोन दिवसांत.

त्यानंतर तो फोन उचलतो. म्हणतो, झालंच, एक सेंटर राहिलंय. कुठले, ते सांगत नाही.

चिंतामणी देसले लिपिक म्हणून रुजू झाला. त्याच्या टेबलावर संगणक आला आहे आणि त्यावर अजून प्लास्टिक आहे. श्रीपाद केळकरांनी केंद्राच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढवली: समितीने तपासलेली निर्दोष यंत्रणा. शलाकाने मंडळाला सविस्तर तांत्रिक टिपण पाठवले. ते सात पानांचे होते आणि आस्थापना विभागाने ते पोहोचल्याची पावती दिली.

शनिवारी दुपारी सुनेत्रा कॅम्प पाचला गेली तेव्हा दुकानाचे शटर अर्धे खाली होते. शेजारच्या दुकानदाराने सांगितले, जितेशभाई सकाळीच पेन ड्राइव्ह घेऊन निघाला, एका सेंटरचं काम आहे बोलला, संध्याकाळी येईल. ती पायरीवर बसून राहिली. मुदतीतला कामाचा एकच दिवस उरला होता. तिच्या सेवासमाप्तीचा आदेश आस्थापना विभागात तयार होता आणि त्यावरची सही बाकी होती. जितेशच्या ड्रॉवरमधल्या पत्रावरचीही बाकी होती. सात वाजेपर्यंत तो परतला नव्हता.